सर, ते कधी सुरू होणार?

जून उजाडला की माझं डोकं उठतं. बारावीचा निकाल लागलेला असतो आणि पडेगावच्या आमच्या सोसायटीत मी ‘कॉलेजातली मॅडम’, त्यामुळे चहाच्या वेळेला कुणी ना कुणी दारात उभं असतंच. यंदा समोरच्या बिल्डिंगमधल्या पवार वहिनी आल्या. मागं मुलगा, मोबाईलमध्ये तोंड घातलेला.

“मॅडम, ह्याला बीबीएला टाकू का? का बीएस्सी करू द्यावं? बीबीए केलं की कंपनीत एसीत बसायला मिळतं म्हणं.”

“कोण म्हणतं?”

“ते काय, कॉलेजची माणसं आली होती की घरी. टाय-बिय लावून.”

आता ह्या बाईला काय सांगू? ती टाय लावलेली माणसं आमचीच. मी त्याच कॉलेजात बिझनेस कम्युनिकेशन शिकवते, म्हणजे पोरांना ‘गुड मॉर्निंग, मायसेल्फ’च्या चार पावलं पुढं नेते. मी वहिनींना म्हटलं, “ज्या कॉलेजात टाकायचंय तिथं जा आणि म्हणा, आमच्या पोराला एक दिवस वर्गात मागच्या बाकावर बसू द्या. चालू वर्गात. नाही म्हणाले की तिथूनच परत या. बीबीए असो का बीएस्सी.”

वहिनींना ‘हो’ किंवा ‘नको’ ऐकायचं होतं. पण हे वाक्य माझं नाही, मोमीन सरांचं आहे. हे एक वाक्य बोलल्याबद्दल आमच्या संस्थेनं त्यांना हाकललं. दर जूनमध्ये ते आठवतात आणि दर जूनमध्ये मला तेवढाच संताप येतो. हे छापून आल्यावर कॉलेज मला ठेवेल की नाही, माहीत नाही. नाही ठेवलं तर गेलं उडत.

मोमीन सर आमच्याकडं व्यवसाय अर्थशास्त्र शिकवायचे. बुटके, रुंद खांद्यांचे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. खिशात पेन नसायचं, खडू असायचा. कॉलेजनं सगळीकडं स्मार्ट बोर्ड लावले, पण सरांना विचार सुचला की तो लिहायला जे समोर असेल ते चालायचं. कॅन्टीनचं टेबल, जिन्याची भिंत, एकदा तर डायरेक्टर साहेबांच्या गाडीचं बॉनेट. शिपाई रोज फडकं घेऊन मागं मागं फिरायचा आणि वैतागायचा. सर त्याला म्हणायचे, “पुस नक्को अभी, बाबा. पाच मिनिट. अजून त्यातली चूक सापडली नाय.”

ते शहागंजातल्या दुकानदाराच्या घरातले. बिजागऱ्या, कड्या, कुलपं यांचं दुकान, मोठा भाऊ बघायचा. सरांनी कॉमर्सला जायचं ठरवलं तेव्हा वडील हसले होते. ती गोष्ट सर इतक्या वेळा सांगायचे की स्टाफरूममध्ये सगळ्यांना तोंडपाठ होती. “अब्बा बोले, दुकान घर में है, तो दुकानदारी सीखने कू कॉलेज कायकू? मी म्हटलं, अब्बा, कुलूप कसं विकायचं ते तुम्ही शिकवलं. पण समोरचं हाजीसाबचं दुकान का बसलं? तुमच्यापेक्षा मोठं होतं, माल चांगला होता, माणूस गोड होता. मग का बसलं? अब्बा बोले, नसीब. मी म्हटलं, हौ, तेच शिकायला चाललो. नसीब है की और कुछ.”

ह्या माणसाचा आपल्या विषयावर असा विश्वास होता. आमच्याच संस्थेच्या सायन्स विंगमधल्या फिजिक्सच्या मॅडम एकदा चेष्टेनं म्हणाल्या, “मोमीन सर, तुमच्या विषयाला काय प्रयोगशाळा लागत नाही, मजा आहे.” झालं! सर ताडकन उठले. “मजा नाही मॅडम, तीच तर रड आहे. तुमच्या टेबलावर पेंडुलम आहे. तुम्ही थाप मारली तर तो ऐकत नाही, आपल्या हिशेबानं हलतो. आमच्या विषयात कुणीही कोट घालून उभा राहतो आणि बोलत सुटतो, त्याला अडवायला टेबलावर काहीच नसतं. म्हणून आमच्याकडं जास्त कडक शिकवलं पायजे. तुमच्याहून दुप्पट कडक!” फिजिक्सच्या मॅडम चहा तसाच ठेवून निघून गेल्या. सरांना वाटलं त्यांना पटलं.

आता त्या कोटाची गोष्ट. आमच्याकडं ‘प्रोफेशनल मंडे’ नावाचं एक थेर निघालं होतं. दर सोमवारी पोरापोरींनी काळा ब्लेझर आणि टाय घालून मैदानात उभं राहायचं आणि वरून ड्रोननं फोटो काढायचा. हे कुठं, तर आपल्या शहरात, मार्च-एप्रिलच्या उन्हात, जिथं दुपारी डांबरसुद्धा चपलेला चिकटतं. डायरेक्टर साहेब म्हणजे संस्थाचालकांचे चिरंजीव, ते एका सोमवारी व्हरांड्यात सावलीला उभं राहून माइकवरून ‘स्माइल, स्माइल’ म्हणत होते. आणि मधल्या रांगेतला एक पोरगा धाडकन पडला. तेवढ्यात मोमीन सर जिन्यावरून धावत आले. “क्या कर रै तुम लोगां? कोटां निकालो रे! काढा सगळे!” पोरांना तेवढंच पाहिजे होतं. भराभरा कोट जमिनीवर. वर ड्रोन भुणभुणतोय, खाली हा गोंधळ. डायरेक्टर साहेब म्हणाले, “सर, ब्लेझर ही आपली आयडेंटिटी आहे.” सर त्या पडलेल्या पोराच्या तोंडावर पाणी मारत होते, मान वर न करता म्हणाले, “कोट घालून धंदा कळत असता ना साहेब, तर लग्नातले बँडवाले सगळे शेठ झाले असते.”

सगळं मैदान हसलं. त्या दिवसापासून साहेबांच्या मनात सरांविषयी अढी बसली, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. साहेब तेवढे हळवे नव्हते. त्यांना सरांचा उपयोग ठाऊक होता, म्हणून त्यांनी तो अपमान गिळला.

तसाच एक ‘उद्योजक दिवस’ असायचा. पोरांनी स्टॉल लावायचे, ज्याचा गल्ला मोठा त्याला ट्रॉफी. पोरं गुलमंडीवरून कचोऱ्या आणायची, कागदी बशीत ठेवून वर कोथिंबीर टाकायची आणि दुप्पट भावानं विकायची. घेणारं कोण? त्यांचेच आई-बाप, मामा-मावश्या. सगळे नटूनथटून आलेले, कौतुकानं एकेक बशी घेऊन फोटो काढणारे. एका वर्षी सर परीक्षक होते. पहिला नंबर द्यायच्या वेळी त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, “उद्या ह्याच जागेवर ह्याच भावानं तुमच्या मावशीशिवाय कुणी घेईल का? नाय ना? मग ह्याला धंदा नाय म्हणत बेटा, आहेर म्हणतात.” आणि ट्रॉफी कुणालाच दिली नाही. आयांनी नाकं मुरडली, एक वडील तर भांडायला उठले. सर त्यांच्याशीही तावातावानं भांडले. मला मनातून एवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

पण खरी गोष्ट कन्नड तालुक्यातली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यासारख्या कॉलेजांत उन्हाळ्यात प्राध्यापकांना गावं वाटून देतात. ज्यानं त्यानं आपल्या तालुक्यात जायचं, बारावीच्या पोरांपुढं भाषण ठोकायचं, घरोघर जाऊन आई-बापांना पटवायचं आणि ॲडमिशन आणायच्या. नाही आणल्या तर पगार लटकतो. पीएच.डी. झालेली माणसं आठवडी बाजारात पत्रकं वाटतात. मी वाटलीत. लाज वाटते म्हणून कुणी सांगत नाही, एवढंच. मोमीन सरांना कन्नड दिलेलं असायचं आणि बायकांशी बोलायला बरोबर मी.

बाकीचे लोक भाषणात काय सांगायचे? एसी वर्ग, वायफाय, प्लेसमेंट. सर त्यातलं एक अक्षर बोलायचे नाहीत. एका वर्षी कन्नडच्या एका ज्युनियर कॉलेजचा हॉल होता, पंखे घरघरत होते, पोरं पेंगत होती. सरांनी खिशातून अद्रकाचा एक गड्डा काढून टेबलावर ठेवला.

“हे काय?”

“अद्रक!” पोरं हसली. कन्नडच्या पोरांना अद्रक काय दाखवता?

“गेल्या साली भाव पडला तेव्हा ह्याच्यावर रोटाव्हेटर कुणी फिरवला?” बरेच हात वर आले. “आणि यंदा भाव चढला तेव्हा कुणाच्या शेतात होतं?” हात खाली. “का? तुम्ही म्हणता भाव वर ठरतो. वर म्हणजे कुठं, आभाळात? एका माणसाला ताप आला तर डॉक्टर बघतो. गावच्या गाव एकाच साली एकच पीक लावतं आणि एकदमच बाजारात आणतं, हा ताप कोण बघणार? ह्याचं शास्त्र आहे बेटा. डॉक्टरकीइतकंच अवघड. काठावर पास झालेल्यांची सोय म्हणून हा कोर्स नाय. ज्याचं डोकं चालतं त्यानंच यावं.”

पेंगणारी पोरं ताठ बसली होती. पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. सावळी, उंच, घट्ट वेणी. अर्चना मोकासे. “सर, पण हे कृषीला गेल्यावर शिकवत नाहीत का?”

“कृषीला अद्रक पिकवायचं कसं ते शिकवतील. पिकल्यावर काय, ते आम्ही.”

हे काही पूर्ण खरं नव्हतं. कृषीलाही तो विषय असतो. पण सर भरात आले होते आणि भरात आलेल्या माणसाला कोण थांबवणार? अर्चनाला सरकारी कृषी महाविद्यालयात नक्की जागा मिळत होती, एवढे मार्क होते तिला. वडील कन्नडहून शहरापर्यंत प्रवाशांची जीप चालवायचे. ती घरी जाऊन भांडली, तिनं ती जागा सोडली आणि आमच्याकडं आली. सर स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत फिरले, “कृषी सोडून आली! आपल्या विषयासाठी!” एवढे खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आणि आम्ही त्या पोरीला काय दिलं? सांगते. पहिल्या वर्षी ग्रूमिंग. चालायचं कसं, हात कसा मिळवायचा, काट्या-चमच्यानं डोसा कसा खायचा. त्यासाठी पुण्याहून एक बाई यायच्या आणि त्यांच्यासाठी तास कापायचे कुणाचे, तर मोमीन सरांचे. जे उरले त्यात सर शिकवायचे, पण मध्येच कुणीतरी दार उघडून “सर, इव्हेंट आहे, पोरं सोडा” म्हणायचं. परीक्षेआधी गाइडमधले महत्त्वाचे प्रश्न वाटले की झाला अभ्यासक्रम पूर्ण. अर्चना पुढच्या बाकावर वही उघडून बसलेली असायची आणि वर्ग अर्ध्यातून उठलेला असायचा.

दुसऱ्या वर्षी वाळूजला ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’ निघाली. सर आठवडाभर तयारी करत होते. पोरांना प्रश्न काढायला लावले, वादावादी केली. आम्ही कारखान्याच्या फाटकाशी पोचलो तर आत जायची परवानगीच कुणी काढलेली नव्हती. काढायचीच नव्हती! आमच्या कॉलेजच्या मार्केटिंगचा माणूस बॅनर घेऊन तयार. पोरांना फाटकापुढं उभं केलं, फोटो काढला, मग ढाब्यावर शेवभाजी आणि परत. सर त्या माणसाच्या अंगावर गेले, तर तो हसून म्हणाला, “सर, फोटोत आतलं-बाहेरचं काय कळतंय?”

परतीच्या बसमध्ये अर्चना आमच्या सीटपाशी आली. दांडी धरून उभी राहिली. आवाजात तक्रार नव्हती, राग नव्हता, पोरगी अगदी साधं विचारत होती.

“सर, तुम्ही कन्नडला सांगितलं होतं ना, ते कधी सुरू होणार?”

मोमीन सरांनी, ज्यांना गप्प बसणं म्हणजे शिक्षा वाटायची, त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं ते नगर नाका येईपर्यंत तसंच ठेवलं. ती थोडा वेळ थांबली आणि मागं जाऊन बसली. मला त्या पोरीच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि कुणाचं तरी थोबाड फोडावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सर डायरेक्टर साहेबांपुढं उभे राहिले. मी रजेच्या अर्जावर सही घ्यायला तिथंच होते. सर चक्क विनवणी करत होते. “साहेब, मला माझे तास द्या. पूर्ण. बाकी काही नको.”

साहेबांनी पाणी मागवलं, सरांना बसायला सांगितलं. फार गोड बोलतात साहेब. “सर, सिलॅबस काय, गाइडमध्ये पण आहे. तो कुणीही उरकेल. तुमचं टॅलेंट वेगळं आहे. तुमचं भाषण ऐकून कन्नडची हुशार पोरं येतात. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून ती येत नाहीत. वर्गात बसवून तुम्हाला वाया कशाला घालवू?”

सर हळूहळू उठले. “मतलब मी गळाला लावलेलं गांडूळ.”

“अहो, असं काय बोलता सर!”

“असंच बोलायला पायजे होतं. आधीच.”

त्यानंतर सर चिडेनासे झाले. बॅनरवर चिडेनात, टायवर चिडेनात, टेबलावर खडूनं काही काढेनात. शिपायाचं काम कमी झालं, तोच एकदा मला म्हणाला, “मॅडम, सर आजारी हायेत का?” माणसं म्हणाली, चला, सुधारले एकदाचे. मला त्यांची भीती वाटायला लागली होती.

मग जून आला. त्या वर्षी डायरेक्टर साहेब स्वतः कन्नडला आले, कारण व्हिडिओ काढायचा होता. तोच हॉल, तेच पंखे. सरांनी भाषण सुरू केलं आणि काय सांगू, दोन वर्षांपूर्वीपेक्षा ते चांगलं झालं. पोरं डोळे मिटायला तयार नाहीत. साहेब पहिल्या रांगेत मान डोलावत होते. आणि शेवटाला सर म्हणाले,

“मी सांगितलं ते सगळं खरं आहे. हा विषय लई मोठा आहे. कुणी विचारलं, फिजिक्स मोठं का कॉमर्स, तर त्याला सांगा, जिथं शिकवतात ते मोठं. आता कोणत्याही कॉलेजात जा, आमच्यासकट, आणि म्हणा, एक दिवस चालू वर्गात मागच्या बाकावर बसू द्या. नाय म्हणाले की परत फिरा. आमच्या कॉलेजात गेलात तर तुम्हाला नाय म्हणतील. कारण दाखवायला वर्गच नाय. कोट आहेत. माझं भाषण ऐकून इथली एक पोरगी कृषी सोडून आली, दोन वर्षं झाली, ती अजून वाट बघते आहे. तुम्ही येऊ नका.”

साहेबांनी धावत जाऊन माइक घेतला. “सरांना गंमत करायची सवय आहे,” ते म्हणाले. कुणी हसलं नाही.

बाहेर आलो तर साहेबांनी सरांना सांगितलं, गाडीत जागा नाही. मला होती. पण माझंही डोकं फिरलं होतं, मीही उतरले. सर म्हणाले, “चला, जीप स्टँडवर. मला मोकासेंना भेटायचंय.”

अर्चनाचे वडील जीपला टेकून उभे होते, शहराचं गिऱ्हाईक भरत होते. सरांनी दोन्ही हात जोडले. “मोकासेभाऊ, तुमच्या पोरीला मी इकडं आणलं. चुकलं माझं. तिथं काही शिकवत नाहीत.”

मला वाटलं होतं, भला माणूस आहे, म्हणेल, जाऊ द्या सर. तसलं काही झालं नाही. त्यांचे डोळे लाल झाले. “कामून सांगायलेत आता? पोरगी त्या दिशी घरी आली अन् तुमच्याबिगर दुसरं बोलंना. म्या म्हणलं सर एवढे शिकलेले, खोटं कामून बोलतील? सरकारी कॉलेजची जागा सोडली आमी. आता तुमी म्हणता चुकलं. तुमच्या चुकलं म्हणण्यानं तिची दोन वर्सं माघारी येत्यात का?”

“नाय येत,” सर म्हणाले.

“मग हात जोडून काय उपेग?”

भोवती माणसं जमली. कुणी म्हणालं, मास्तरला चोप द्या. सर तसेच उभे. तेवढ्यात कुणीतरी फोन केला असावा, अर्चना आली, सुट्टीला घरीच होती. गर्दीतून वाट काढत वडिलांपुढं उभी राहिली. “अप्पा, तुमी गप बसा जरा.” मग सरांकडं वळली. “सर, मी आता पहिल्यापासून कृषीला जाणार नाही. तुम्ही म्हणाला होतात शास्त्र आहे. आहे का नाही?”

“आहे.”

“खरंच?”

“आहे बेटा. अल्लाकसम आहे.”

“मग शिकवा. कॉलेज नसलं शिकवत तर तुम्ही शिकवा. माझं तिसरं वर्ष अजून बाकी आहे.”

सगळं गिऱ्हाईक दुसऱ्या जीपमध्ये बसलं होतं, वडील तिकडंच बघत राहिले.

सोमवारी सरांना काढलं. वॉचमनला सूचना गेली, ह्यांना आत सोडायचं नाही. नवीन सर आले, कोटवाले. आणि मोमीन सर भावाच्या दुकानाच्या माळ्यावर, कुलपांच्या खोक्यांमध्ये, दर रविवारी अर्चनाला शिकवायला लागले. मी एकदा गेले होते. शिकवत कसले, भांडत होते! ती काही म्हणाली की ओरडायचे, “अंदाज नक्को! जाऊन बघ आणि मग बोल!” ती कन्नडला जायची, स्टँडवर उभी राहायची, जीपमध्ये बसून हिंडायची, पुढच्या रविवारी नवीन काहीतरी घेऊन यायची. सर तेही उडवून लावायचे. पोरगी रडायची सुद्धा. पण दर रविवारी यायची. खालून भाऊ ओरडायचा, “भाईजान, आहिस्ता, गिऱ्हाईक पळतंय!” आणि सर जुने सर झाले होते, बाह्या दुमडलेले, लालबुंद.

तिचा तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प होता तिच्या वडिलांच्याच धंद्यावर. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तरी कन्नडच्या जीपा बंद का पडल्या नाहीत? बाकीच्या पोरांनी झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प विकत घेतले, फक्त नाव बदललं. हे आमच्याकडं सर्रास चालतं, सगळ्यांना माहीत आहे, कुणालाही लाज नाही. अर्चनानं वर्षभर घासून केला.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यात होते. ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. इतकी लगेच की मला वाटलं काही विसरली. माझ्याकडं न बघता खाली उतरली. फाटकाबाहेर मोमीन सर उभे होते. सकाळपासून उभे होते म्हणे. वॉचमन ओशाळून दुसरीकडं बघत होता.

“काय विचारलं?” सरांचा आवाज वर ऐकू आला.

“बाइंडिंग निळं पाहिजे होतं म्हणाले. माझं हिरवं आहे.”

“और?”

“आणि गावाकडचा विषय कशाला घेतला, एखादी मोठी कंपनी घ्यायची होती म्हणाले. उघडून नाही बघितला.”

मला वाटलं आता सर फाटक तोडतात. पण ते वॉचमनच्या खोलीपुढच्या कट्ट्यावर बसले, तिला समोर उभं केलं आणि म्हणाले, “हां. आता मी परीक्षक. सांग. अर्धं तिकीट झालं, बाया एसटीत गेल्या. जीपचं अर्धं गिऱ्हाईक गेलं. मग जीप बंद पडायला पायजे.”

“नाही पडली सर.”

“पडायला पायजे! थोडे दिवस तग धरतील, मग बसतील.”

“नाय सर, तुमचं चुकतंय.” तिचा आवाज चढला. कन्नडच्या स्टँडवर वडिलांपुढं चढला होता तसाच. “बाया स्वतः एसटीत बसतात आणि गाठोडं जीपमध्ये टाकतात. भाजीची पाटी, दुधाचं कॅन, लेकीच्या घरी द्यायचं पीठ. एसटी शेताच्या बांधावर थांबत नाही, जीप थांबते. सगळ्या जीपवाल्यांना हळूहळू कळलं. आमच्या अप्पांनी तर मागचं बाकच काढून टाकलं. माणूस गेला तरी चालतंय, सामान गेलं नाही पाहिजे.”

सर म्हणाले, “परत सांग.”

तिनं परत सांगितलं. सरांनी आडवे-तिडवे प्रश्न टाकले, ती एकेकाला उत्तर देत गेली. एका ठिकाणी अडली, “हे मी बघितलं नाही सर” म्हणाली आणि सर जोरात म्हणाले, “हां! ऐसा बोलना!” मीही खाली उतरून फाटकाशी आले होते, वॉचमन जवळ येऊन ऐकायला लागला होता. तिचा चेहरा घामानं डबडबला होता आणि ती बोलायची थांबत नव्हती.

शेवटी सर उठले. शाबास वगैरे काही म्हणाले नाहीत. फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरले, आमच्या त्या काचेच्या बिल्डिंगकडं तोंड वर केलं आणि ओरडले, “अरे, खाली या रे कुणीतरी! ऐका ही काय बोलते ते!”

त्यानंतर ते लातूरकडं कुठल्या तरी कॉलेजात गेले आणि माझी त्यांची गाठ पडली नाही. त्यामुळं माझ्या डोळ्यांपुढं ते असेच राहिलेत, गज धरून ओरडणारे. पुन्हा ओरडले, “कुणी नाय का वर?”

होते की. परीक्षक होते, डायरेक्टर साहेब होते, नवीन सर होते. वर जेवण चाललं होतं.